इतिवृत्तात 'लबाड' लिहिता येतं का?

दुसरा_मजला (धागाकर्ता)

मंडळी, एक शब्द हवाय. जरा तातडीने.

आमच्या सोसायटीचा (२८ बिऱ्हाडं, चार मजले, लिफ्ट कायम दुरुस्तीत) मी सचिव आहे. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेच्या दिवशी मी बाहेरगावी होतो आणि परत आलो तेव्हा सचिव झालेलो होतो. असो. गेल्या रविवारी खजिनदारांचा हिशोब सभेपुढे आला. 'सभा उपाहार खर्च' या खात्यावर वर्षभरात ४१,३०० रुपये. सभा झाल्या तीन. तिन्हींना मी हजर. पहिलीला चहा होता. दुसरीला चहा आणि मारी बिस्किटं. तिसरीला चहासुद्धा नव्हता, दूध नासलं होतं.

मग व्हायचा तो गोंधळ झाला. तळमजल्यावरच्या काकू 'लबाड' म्हणाल्या, निवृत्त हवालदार आहेत ते 'अट्टल आहे' म्हणाले, वरच्या मजल्यावरचा मुलगा 'फ्रॉड' म्हणाला. आणि हे गृहस्थ शांतपणे हसत बसले होते. माणूस कसा, तर पांढरा सदरा, कपाळाला गंध, जिन्यात भेटला की आधी हाच हात जोडणार. गणपतीत आरतीचं तबक याच्याच घरून येतं. चोर म्हणवत नाही हो. आणि 'अप्रामाणिक' लिहावं तर तो शब्द इतका मिळमिळीत आहे की वाचून त्यालाच झोप येईल.

इतिवृत्त मला लिहायचंय. अशा माणसाला मराठीत नेमकं काय म्हणतात?

तिरफळ

पहिला नंबर माझा! आमच्या गोव्यात याला 'फटींग' म्हणतात. फट म्हणजे खोटं, फटोवप म्हणजे फसवणं, आणि ते करणारा तो फटींग. मालवणीतही फट आणि फटवणं सगळ्यांना कळतं. जुन्या ख्रिस्ती घरांत 'लाद्रांव' ऐकलाय, तो पोर्तुगीजमधून आलेला, अर्थ सरळ चोर. पण तुमच्या गृहस्थांना फटींगच शोभतो. ऐकायलाही एखाद्या वाद्याचं नाव वाटतं.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे 'लबाड' हा मानसापेक्षा बोलन्याले जास्त लागते. "लबाड नको बोलू" म्हंजे खोटं नको बोलू. त्यामुळं तुमच्या काकूंनी सभेत लबाड म्हटलं तर पुन्याच्या मानसाले वाटन की पैसे खाल्ले म्हनते, अन आमच्या मानसाले वाटन की आकडा खोटा सांगितला. इतिवृत्त लिहाचं तर कोनत्या जिल्ह्यातलं लबाड थे पन लिहा बाप्पा.

निवृत्त_मास्तर

वऱ्हाडी ठेचा, अगदी खरं. आणि आणखी एक अडचण पाहा. लबाड हा शब्द आपण पाळण्यातल्या मुलालाही म्हणतो. "लबाडा, दूध सांडलंस ना!" लुच्चा, चोरटा, डँबिस, सगळ्यांची हीच गत. गालगुच्चा घेताना चालतो तो शब्द सोसायटीच्या दफ्तरात कसा चालणार?

माझ्या मते आपल्या शब्दांत लबाडीचे तीन कप्पे आहेत. एका कप्प्यात बेरकी, बिलंदर, इरसाल, बनेल, वस्ताद, पोचलेला. हे शिव्या नाहीतच. बोलणाऱ्याच्या मनात थोडं कौतुकच असतं. 'काय बेरकी आहे!' म्हणताना आपण हसत असतो, कारण फसलेला दुसराच कुणीतरी असतो. दुसऱ्या कप्प्यात भुरटा, उचल्या, खिसेकापू, भामटा. यांच्याबद्दल कौतुक नाही, नुसता तुच्छभाव. तिसऱ्यात कपटी, कुटिल, पाताळयंत्री, आतल्या गाठीचा. इथे हसू पूर्ण बंद. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात 'कुविद्यालक्षण' म्हणून अख्खा एक समास दिला आहे, त्यात या तिसऱ्या कप्प्यातली मंडळी ओळीने उभी आहेत.

तुमचे खजिनदार पहिल्या कप्प्यात बसतात की तिसऱ्या, हे त्यांनी कुणाचे पैसे खाल्ले यावर ठरेल. माझे खाल्ले असते तर तिसऱ्या.

बेणं_८६०३२

कोल्हापुराकडनं लिहितोय. आमच्याकडं असल्याला 'बेणं' म्हणत्यात. "लई बेणं हाय ते!" आता बेणं म्हंजे उसाच्या लावणीची कांडी. का म्हणत असतील? माझा आपला अंदाज, एकदा लावलं की खोडवं, मग निडवा, तोडला तरी परत फुटतंय. तुमचा खजिनदार पुढच्या वर्षीबी निवडून येणार बघा.

याच्या वरची पायरी 'इब्लिस'. हा थेट अरबीतला सैतान. पण आमच्याकडं शेजारची आंबं पाडणाऱ्या पोराला म्हणत्यात.

कोर्टाची_पायरी

थांबा थांबा. सचिवसाहेब, वकील म्हणून सांगतो: इतिवृत्तात विशेषण लिहू नका. लबाड, भामटा, बेणं, काहीही नको. अब्रुनुकसानीचं कलम पूर्वी ४९९-५०० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. नंबर बदलला, दुखणं तेच. असं लिहा: "सदर खर्चाची प्रमाणके सभेपुढे सादर करण्यात आली नाहीत." प्रमाणक म्हणजे व्हाउचर. या वाक्यात एकही शिवी नाही, पण लेखापरीक्षक ते वाचून खुर्चीत सरळ होऊन बसतो. पुढे गरज पडली तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये चौकशीला कलम ८३ आहे आणि नुकसान वसुलीला ८८.

अवांतर, पण या धाग्याला धरून: भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात फसवणुकीला शब्द कोणता होता माहीत आहे? 'ठकवणूक'. आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर 'तोतयेगिरी करून ठकवणूक'. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं कायदा नाही, वगनाट्य वाचतोय. 'ठक' आणि 'ठग' दोन्ही संस्कृत 'स्थग'वरून आलेले. म्हणजे सरकारी कागदात हा शब्द उगाच घुसलेला नाही, चांगला खानदानी आहे.

चिंधीचोर_चाळ

वकीलसाहेब, मग '४२०'चं काय झालं? आयुष्यभर "तो चारसौबीस आहे" म्हणत आलो.

कोर्टाची_पायरी

१ जुलै २०२४ पासून ते ३१८ पोटकलम ४ झालं. "तो तीनशे अठरा पोटकलम चार आहे" असं म्हणून बघा बरं भांडणात.

चिंधीचोर_चाळ

जमणार नाही. दमच लागेल. समोरचा तोवर पळून जाईल.

बाकी धागाकर्त्यांना मुंबईचा शब्द देतो, 'चिंधीचोर'. सोसायटीच्या चहाबिस्किटातून पैसे काढणाऱ्याला याहून नेमका शब्द नाही. यात चोरीपेक्षा चोराच्या हलकेपणाची कीव जास्त आहे. बँक लुटली असती तर निदान मान तरी दिला असता.

दरबारखर्च

माझ्या सदस्यनामामुळे या धाग्यावर यावंच लागलं.

'सभा उपाहार खर्च' ही आयडिया नवी नाही. पेशवाईतल्या हिशोबांत 'दरबारखर्च' नावाची बाब सापडते. नाव कसं भारदस्त, आत बहुतेक कारकुनापासून वरपर्यंत दिलेली लाच. आणि गुपचूप द्यायच्या रकमेला 'अंतस्थ' म्हणत. लाच हा शब्द न लिहिता लाच हिशोबात लिहायची, ही आपली फार जुनी कला. पुढे ती चिरीमिरी, पानसुपारी, चहापाणी अशी उतरत आली. तुमच्या खजिनदारांनी चहापाण्यात बिस्किटं घातली एवढंच.

तोतया शब्द वर आला म्हणून सांगतो. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण देह ओळखण्याबद्दल शंका राहिली. काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एकजण उभा राहिला. लोकांनी मानलं, किल्ले मिळाले, सैन्य जमलं. शेवटी १७७६ मध्ये पकडून त्याला मारलं. शब्द त्याच्याआधीचा असेल, पण मराठी माणसाच्या मनात तोतया म्हटलं की आधी तोच येतो. आज त्याची गादी तोतया पोलिसाकडे आहे. "पुढे दंगल चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधा आजी."

निंबोणीचा_पाला

दरबारखर्च, 'ध चा मा करणारा' राहिला की. ३० ऑगस्ट १७७३, नारायणरावांचा खून. धरावेचं मारावे झालं म्हणतात. लबाडीसाठी एका अक्षराची खाडाखोड पुरते हे दाखवणारा दुसरा वाक्प्रचार माझ्या तरी ऐकण्यात नाही.

गडकरी_नव्हे

आणि फितुराला 'सूर्याजी पिसाळ'! एक नाव घेतलं की काम झालं.

आडनावात_काय

झालं का काम? माझं आडनाव पिसाळ आहे. शाळेत इतिहासाच्या तासाला सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायचा. १६८९ साली रायगड पडला तेव्हा मी नव्हतो हो. त्या माणसाने खरंच किती केलं आणि बखरकारांनी किती रंगवलं यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण वर्गातल्या पोरांना तेवढा वेळ नसतो. आमच्या थोरल्याला परवा क्रिकेटमध्ये धावबाद केलं म्हणून त्याचा मित्र हेच म्हणाला. साडेतीनशे वर्षं व्हायला आली राव.

गडकरी_नव्हे

माफ करा दादा. लिहिताना डोक्यातच आलं नाही.

सोलापूर_तार

आडनावावरून निघालंच आहे तर मीही लिहितो. बरेच दिवस वाचनमात्र होतो.

वर मास्तरांनी दुसऱ्या कप्प्यात 'भामटा' टाकलाय. रोजच्या पेपरात असतो, "भामट्याने वृद्धेला गंडवले". महाराष्ट्र सरकारची विमुक्त जातींची यादी काढून बघा. बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, छप्परबंद. भामटा ही जमात आहे. लोकांच्या जातीच्या दाखल्यावर तो शब्द छापलेला असतो. मुलाच्या शाळाप्रवेशाला तो दाखला जोडायचा आणि त्याच दिवशी पेपरात तोच शब्द चोर या अर्थी वाचायचा.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माला आलं की गुन्हेगार. सोलापुरात सेटलमेंट होती, तारेच्या कुंपणातली. माझे आजोबा तिथे वाढले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, आमची माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटली. तो आमचा विमुक्त दिन. आजोबा म्हणायचे, तार काढली पण शब्द नाही काढला.

'उचल्या'चंही तेच. लक्ष्मण गायकवाडांच्या आत्मकथनाचं नावच ते आहे, १९८७ चं, त्याला साहित्य अकादमी मिळालं. पुस्तकाला पुरस्कार मिळाल्यावरही खिसेकापूला उचल्या म्हणणं थांबलं नाही. 'बेरड' शब्दाचं पाहा, निगरगट्ट माणसाला सर्रास म्हणतात. तीही जमातच.

मास्तरांवर राग नाही. पण तुमच्या पांढऱ्या सदऱ्यातल्या खजिनदाराला भामटा म्हणू नका एवढंच सांगायचं होतं. त्याने खाल्लेल्या बिस्किटांचं बिल आमच्या नावावर कशाला?

निवृत्त_मास्तर

सोलापूर तार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चाळीस वर्षं मराठी शिकवलं. विरुद्धार्थी शब्द लिहा, साव × भामटा, असं फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं आठवतंय. वर्गात त्या समाजाचं कुणी बसलेलं होतं का, हे कधी विचारलं नाही. कप्पा परत घेतो.

पाटपाणी

मग आता हेही लक्षात घ्या की चोरट्यांच्या नावांच्या यादीत गरिबांची नावं भरलेली आहेत आणि तालेवारांसाठी काय आहे? 'आर्थिक अनियमितता'. 'घोटाळा'. 'थकीत कर्जदार'. आमच्या गावची पतसंस्था बुडाली (नाव घेत नाही), तिच्या संचालकांना पेपरात आजही 'माजी संचालक' म्हणतात. ज्या पोराने त्याच आठवड्यात एका संचालकाच्या घरातून सिलिंडर उचलला तो मात्र 'अट्टल चोरटा'. ठेवीदार रांगेत उभे राहून काय म्हणायचे ते इथे लिहिता येणार नाही, संपादक उडवतील.

सटवाईची_लेक

आता बायकांचं घ्या की जरा. पुरुष बाहेर भानगडी करतो तेव्हा तो 'रंगेल', 'गुलहौशी', 'छंदीफंदी', 'बाहेरख्याली'. वाचताना अत्तराचा वास येतो. ख्याल या शब्दात कल्पना आहे, विचार आहे, गाणंसुद्धा आहे. बाईला काय? 'उठवळ', 'चवचाल', 'उंडगी', आणि पुढचे तर लिहीतही नाही. एकाही शब्दाला अत्तर नाही.

त्याहून मजा पुढे आहे. बाईला बोल लावायला आपण देव्या वापरतो. "आली बघा भवानी." "ही महामाया कुठे उलथली होती?" आणि 'सटवी'. सटवाई म्हणजे बाळाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी येऊन कपाळावर नशीब लिहिणारी. आमच्याकडे आजही पाचवीला पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवतात तिच्यासाठी. जिच्यापुढे रात्री दिवा लावायचा तिचंच नाव सकाळी सुनेला शिवी म्हणून द्यायचं! पुरुषांना कुणी "आला बघा खंडोबा" असं म्हणून हिणवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तिरफळ

+१००. माझ्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पुरुषांक देवाचें नांव दिवपाक तांकां आधीं कितेंय जमूंक जाय."

वऱ्हाडी_ठेचा

आजीले दंडवत.

खडूचा_तुकडा

कुणी लक्ष दिलंय का, मराठीत फसवणूक करणारा नेहमी फसणाऱ्याला काहीतरी *घालतो*? टोपी घालतो. शेंडी लावतो. चुना लावतो. गंडा घालतो, म्हणजे मांत्रिक बांधतो तो दोरा. तोंडाला पानं पुसतो. हातावर तुरी देतो. आणि वर काहीतरी गळ्यात मारतो. फसलेला माणूस अगदी नवरदेवासारखा नटलेला असतो आणि फसवणारा उघडाच्या उघडा निघून जातो.

उलट पैशाची लबाडी सगळी तोंडात. पैसे खाल्ले, लाच खाल्ली, हरामखोर (यातला 'खोर' म्हणजे खाणाराच), खाबूगिरी, खाल्ल्या मिठाला जागला नाही, खाल्ल्या घरचे वासे मोजले, कुंपणाने शेत खाल्लं. नैतिक घसरगुंडी झाली तर शेण खाल्लं. आणि पचलं तर "ढेकरसुद्धा दिला नाही". या हिशोबाने तुमच्या खजिनदारांनी पैसे उपाहाराच्या खात्यावर टाकले यात मला एक प्रकारचा सच्चेपणाच दिसतो. खाल्ले ते खाल्ले, खाण्याच्याच खात्यावर लिहिले.

चिंधीचोर_चाळ

हा हा हा! खडू, हे छापून सोसायटीच्या फलकावर लावा.

अरबी_समुद्र

थोडी व्युत्पत्ती, कुणाला कंटाळा आला तर पुढे जा. 'बदमाश' म्हणजे बद + मआश. मआश हा अरबी शब्द, अर्थ उपजीविका. ज्याचं पोट भरण्याचं साधन वाईट तो बदमाश. म्हणजे मुळात ती शिवी नाही, व्यवसायाचा रकाना आहे. 'बेइमान' सरळ आहे. 'पाजी' फारसी, अर्थ हलका, नीच.

'इरसाल' मला सगळ्यांत आवडतो. अरबीत इरसाल म्हणजे पाठवणं, रवानगी. आपल्या जुन्या कारभारात खजिन्यात भरणा पाठवायचा त्याला इरसाल म्हणत. खजिन्यात खोटं नाणं चालत नसे, पारखून, निवडून पाठवावं लागे, त्यावरून 'निवडक नमुना' हा अर्थ आला असावा असा माझा तर्क आहे. तो खरा असेल तर इरसाल खजिनदार ही जोडी फारच जुळून येते.

'डँबिस' हा इंग्रज साहेबाच्या 'डॅम बीस्ट'वरून आला असं सांगतात. मला ते पटत नाही. दर विचित्र शब्दामागे एक चिडलेला साहेब उभा करायची आपल्याला सवय आहे.

निवृत्त_मास्तर

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मला आता शब्द सापडला आहे असं वाटतं. 'संभावित'.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात "संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते" आहे. तिथे संभावित म्हणजे मान्यवर, प्रतिष्ठित, ज्याला अपकीर्ती मरणाहून वाईट वाटते असा. मराठीत येईपर्यंत त्याचं काय झालं? "मोठा संभावित आहे!" म्हणजे वरून सज्जन आणि आतून पक्का. 'संभावित चोर' म्हणतात तो हाच. एकाच शब्दाने देवळाच्या पायऱ्या चढल्या आणि मागच्या दाराने उतरला. गंध, पांढरा सदरा, आधी नमस्कार, आरतीचं तबक... दुसऱ्या मजल्याने जे वर्णन केलं ते संभाविताचंच आहे.

आणि हा एकटा नाही. आपण मानाचे शब्द बिघडवण्यात पटाईत आहोत. दादा म्हणजे थोरला भाऊ, झाला गुंड. 'झोपडपट्टीदादा' तर १९८१ च्या कायद्यामुळे थेट पोलिसांच्या बोलण्यात जाऊन बसला. भाई तसाच. बुवा म्हणजे कीर्तनकार, त्याची झाली बुवाबाजी. पोचलेला म्हणजे मुक्कामाला पोचलेला साधू, तो आता फक्त "पोचलेला आहे हं, जपून". वस्ताद तालमीत होता, तो बाजारात आला. साव हा एकच शब्द सरळ राहिला असं म्हणावं तर तोही "सावाचा आव" एवढ्यापुरताच उरला आहे.

निंबोणीचा_पाला

मग 'भोंदू' का नको? तुकोबांचाच आहे. "ऐसे कैसे झाले भोंदू । कर्म करोनि म्हणती साधू". गंधाचाही उल्लेख होईल.

निवृत्त_मास्तर

भोंदूला चमत्कार लागतो हो. याने पैसे गायब केले हे खरं, पण परत आणून दाखवले नाहीत. आणि तुकोबांचाच विषय निघाला तर 'नाठाळ' घ्या. मात्र जी ओळ आपण "नाठाळाचे माथी हाणू काठी" म्हणून ठोकून देतो ती गाथेत "नाठ्याळा चि काठी देऊ माथां" अशी आहे. त्याआधीच्या चरणातली लंगोटीही आपण 'कासेची' करून घेतली. मूळ शब्द शाळेत शिकवता येत नाही, मी कधी शिकवला नाही. सभ्यपणासाठी केलेली ही खाडाखोड कुठल्या कप्प्यात घालायची ते तुम्हीच ठरवा.

बेणं_८६०३२

मास्तर, नाठाळ आमच्यात बैलाला म्हणत्यात. बैलानं कधी बिस्किटं खाऊन बिलं लावली न्हाईत.

पाटपाणी

'गोगलगाय नि पोटात पाय'? चाल शांत, आवाज नाही, आणि मागे चकाकणारी रेघ सोडून जाते. ४१,३०० ची.

कोर्टाची_पायरी

सचिवसाहेब, संभावित, गोगलगाय, सगळं इथे लिहा. इतिवृत्तात मात्र *प्रमाणके सादर करण्यात आली नाहीत*. पुन्हा सांगतोय.

संपादक

धागा छान चाललाय. पतसंस्थेबाबतचा एक प्रतिसाद काढला आहे, त्यात नावं होती. वाक्प्रचारांतल्या खाण्यावरून पाककृतीकडे जाऊ नये ही विनंती.

दुसरा_मजला (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी येतोय, कारण मधे बरंच घडलं.

वकीलसाहेबांचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. मास्तरांचा 'संभावित' मनात ठेवला, रोज जिन्यात उपयोगी पडतो. भामटा कुठेही लिहिला नाही, सोलापूर तार. पण सभेत लोक जे बोलले त्याची काहीतरी नोंद हवी असा काकूंचा आग्रह होता, म्हणून शेवटी एक वाक्य जोडलं: "खजिनदारांनी रु. ४१,३०० चा अपहार केल्याचा संशय काही सभासदांनी व्यक्त केला." हस्तलिखित कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्याकडे दिलं. घाईत होतो, तपासलं नाही. २८ प्रती घरोघर गेल्या.

छापून आलं होतं: "रु. ४१,३०० चा उपहार केल्याचा संशय".

संध्याकाळपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही. रात्री खजिनदार स्वतः दारात. हात जोडलेले, गंध लावलेलं. मला वाटलं आता नोटीस येणार. त्यांनी एक पत्र दिलं, सुवाच्य अक्षरात, खाली तारीख, पूर्ण सही. मजकूर असा:

"प्रसारित इतिवृत्तात 'उपहार' हा शब्द चुकीचा आहे. उपहार म्हणजे भेटवस्तू. खाण्यापिण्यासाठी योग्य शब्द 'उपाहार' असा आहे. तरी कृपया तेवढी शुद्धलेखनाची दुरुस्ती करावी. उर्वरित मजकूर मान्य."

मी दिवाणखान्यात उभा राहून ते तीनदा वाचलं. वकीलसाहेबांना फोन केला तर ते पाच मिनिटं नुसते हसत होते. मग म्हणाले, मूळ प्रत जपून ठेवा, झेरॉक्स काढा, आणि लेखी पोच द्या.

तर आता पोच लिहायला बसलोय. सुरुवात कशी करू? 'महोदय', 'श्रीयुत', 'मान्यवर', का 'सन्माननीय'? मास्तर, यातला अजून न बिघडलेला कोणता ते सांगा.